परक्या नगरीचे ऋण

माणूस परगावी जातो तो बहुधा कामासाठी. कोणी माल विकावयास, कोणी यंत्र बसवावयास, कोणी सभेस, तर कोणी साक्षीस. काम उरकते आणि परतीच्या गाडीस अवकाश असतो. अशा वेळी कोणी खोलीत आडवा होतो, तर कोणी पायांत वहाणा सरकवून बाहेर पडतो. रस्ता ठाऊक नाही, ओळखीचे माणूस नाही, जावयाचे ठिकाणही नाही. तरीही पाय चालत राहतात. एका चौकातून दुसऱ्या चौकात, बाजारातून नदीवर, तेथून कोणा अनोळखी वस्तीत. ह्या निर्हेतुक भटकण्यास नीतीच्या दृष्टीने काही अर्थ आहे काय? ज्या नगरीने आपणांस बोलावले ते केवळ कामापुरते, तिच्या गल्लीबोळांतून हिंडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आणि दिलाच असेल, तर त्याच्या बदल्यात आपण काही देणे लागतो काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु आज ज्या घरातील कोणीतरी परदेशी नाही असे घर आपल्या धर्मग्रामांत शोधावे लागते. म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ह्या विचारासाठी आम्ही वाचकांस धाराशिव जिल्ह्यातील तेर ह्या गावी घेऊन जाऊ इच्छितो. तेरणा नदीच्या काठचे हे गाव आज साधे खेडे दिसते. दोन सहस्र वर्षांपूर्वी मात्र हे तगर नावाचे मोठे व्यापारी नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ ही व्यापारमार्गांची पुस्तिका लिहिली. तीत तो सांगतो, की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात येते. हे तगर म्हणजेच तेर, ही ओळख विद्वान फ्लीट यांनी १९०१ साली पटवून दिली. पुढे झालेल्या उत्खननांनी गावाच्या पांढरीतून त्याला साक्षही पुरविली.

ह्या पुस्तिकेत अंतरे आहेत, मालाची नावे आहेत. तगरच्या रस्त्यांविषयी मात्र एक अक्षर नाही. ती मलमल विणणारे हात कोणाचे, सायंकाळी त्या नगरात कोणत्या चुलीचा धूर कोणत्या अंगणावर रेंगाळत असे, याचा पत्ता नाही. व्यापाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपले काम प्रामाणिकपणे केले. कामाची नजर अशीच असते. जे कामाचे तेवढेच तिला दिसते, उरलेले अंधारात राहते. परंतु पोंपेई नगरीत १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहा. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ती गाडली गेली होती, आणि तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरच्या मातीतही मिळाली आहे. ती पोंपेईची मूर्ती कोणी समुद्रापार नेली याची नोंद नाही. ती गासडीतील मालापैकीच एक असेल. किंवा काम आटोपून दख्खनच्या एखाद्या बाजारात पायी हिंडताना कोणा परदेशी माणसास ती आवडली असेल. दुसरी कल्पना खरी मानण्याचा मोह होतो, एवढेच आम्ही म्हणू.

कामानिमित्त त्या भागात गेलो असता आम्हीही तेर पायी पाहिले. प्राचीन विटांच्या त्रिविक्रम मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे, ती बौद्ध चैत्यगृहाची आठवण करून देते. रामलिंगप्पा लामतुरे ह्या ग्रामस्थाने आयुष्यभर जमविलेल्या पुराणवस्तूंतून उभे राहिलेले संग्रहालयही पाहिले. परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावले ते एका ओट्यावर बसलेल्या वृद्धाने. त्याने आमच्याकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, “पाव्हणे, कुण्या गावचे?” मराठवाड्यात हा प्रश्न अनोळखी माणसास पावलोपावली ऐकू येतो. त्यातील पहिला शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. ‘पाहुणा’ म्हणजे आमंत्रित, आणि सोयरिकीच्या भाषेत नातलगही. ज्याचे नावगाव ठाऊक नाही, ज्याला कोणी बोलावलेले नाही, त्याला ही भाषा आधी नात्यात घेते आणि मग त्याची चौकशी करते. परक्या नगरीत हिंडण्याचा अधिकार कोणी दिला, ह्या आमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर त्या एका शब्दात मिळाले. तो अधिकार मुळात आपला नसतोच. तेथील माणसे तो विश्वासाने उसना देतात.

मात्र ह्या उसनवारीस एक अट असते. जो पाहावयास निघतो त्याने पाहिले जाण्यासही तयार असले पाहिजे. तेर हे संत गोरोबा काकांचे गाव. परंपरा सांगते, की त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता कुंभाराच्या थापटीने गोरोबांनी एकेकाचे मस्तक थापटून पाहिले. इतरांनी निमूटपणे सोसले. पंढरपूरहून आलेले नामदेव मात्र दुखावले, आणि गोरोबांनी मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले व गुरुकृपेस पात्र झाले. ही कथा बहुधा गुरुमाहात्म्यासाठी सांगितली जाते. आम्हांस तीत पाहुण्याचाही धडा दिसतो. आपल्या गावी थोर असलेला माणूस परगावी गेला, की त्याची किंमत नव्याने ठरते. पदव्या, मान, ओळखी हे सर्व वेशीबाहेर राहते आणि कोणीतरी थापटी घेऊन समोर उभा ठाकतो. मोटारीच्या काचेआड बसलेल्यास ही परीक्षा चुकविता येते. पायी चालणाऱ्यास वाट विचारावी लागते, आणि वाट विचारणे म्हणजे आपले अज्ञान दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय. हातातील फोनचा नकाशा आज ही गरज उरू देत नाही. सोय झाली खरी, परंतु नम्रतेचा एक सहज अभ्यासही त्याबरोबर गेला.

गोरोबांच्या ह्याच भूमीने परगावच्या पाहुण्याचा केलेला एक सन्मान आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. जानेवारी २०२० मध्ये त्या वेळी उस्मानाबाद म्हणविल्या जाणाऱ्या ह्या शहरात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संत गोरोबा काकांचे नाव दिलेल्या त्या साहित्यनगरीत अध्यक्ष म्हणून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

पाहणे आणि पाहिले जाणे यांचा हा संबंध प्रेषितांच्या कृत्यांतही आढळतो. संत पौल अथेन्सला सहकाऱ्यांची वाट पाहत थांबले होते. त्या मोकळ्या दिवसांत ते नगरात हिंडले. मूर्तींनी भरलेले ते नगर पाहून त्यांचा आत्मा अस्वस्थ झाला, हे ग्रंथकार लपवीत नाही. तरीही अरीयपगावर बोलण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आरंभ केला तो हिंडताना दृष्टीस पडलेल्या एका वेदीपासून. ती अज्ञात देवाला वाहिलेली होती. श्रोत्यांच्याच गावातील वस्तू त्यांनी त्यांच्यापुढे आदराने ठेवली. आधी त्या नगरातील तत्त्वज्ञांनी त्यांना बडबड्या म्हणून हिणविले होते, तेही त्यांनी सोसले. खोलीत बसून रचलेले भाषण असे झाले नसते. अस्वस्थतेतून निंदा जन्मास येणार होती, तेथे संवाद जन्मास आला. आणि दोहोंच्या मध्ये पायी केलेली नगरप्रदक्षिणा होती.

यावर एक आक्षेप संभवतो. ही सारी उठाठेव म्हणजे निव्वळ कुतूहल नव्हे काय? संत ऑगस्टीन यांनी डोळ्यांच्या वासनेविषयी सावध केले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र येथे एक उपयुक्त भेद केला. जाणून घेण्याची ओढ मर्यादेत असेल तर तो सद्गुण. ती मोकाट सुटली तर तो दोष. परक्या वस्तीत हा भेद ओळखावयाचा कसा? आम्हांस एक साधी कसोटी सुचते. आपण ज्या दारापुढे थबकलो, त्या दारातील बाईने “काय पाहता?” असे विचारले, तर तिला तोंडावर सांगता येईल असे उत्तर आपल्याकडे आहे काय? असेल तर ते पाहणे. नसेल तर ते डोकावणे. दुसऱ्याच्या दारिद्र्याची छायाचित्रे घेऊन घरी दाखविणारे पुष्कळ असतात. त्यांपैकी किती जणांस असे उत्तर देता येईल?

येथवर आम्ही स्वेच्छेने चालणाऱ्याविषयी बोललो. परंतु धाराशिव जिल्ह्यातूनच दरवर्षी आणखी एक प्रवास घडतो, आणि तो आपल्या प्रश्नास कठोर वळण देतो. भूम, वाशी, कळंब ह्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामाचे पाच-सहा महिने ती काढतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. अवजाराचेच नाव माणसांस मिळाले. हाही परमुलखातील कामाचा प्रवास. परंतु वर्षानुवर्षे त्या मुलखात जाऊनही फड, गाडी आणि कोपी यांपलीकडे किती जणांस ते गाव ठाऊक होते? पहाटे अंधारात फडावर जावे, रात्री अंग टाकावे. आणि कधी आठवड्याच्या बाजारात गेलेच, तर दुकानदाराची नजर हातांवर खिळलेली. भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे. कायदा रस्ता मोकळा करतो. त्या रस्त्यावर सुखाने चालता येणे मात्र खिडकीआडच्या नजरांवर अवलंबून असते. शहरी पोशाखातील माणूस गल्लीत रेंगाळला तर तो प्रवासी ठरतो. अंगावर उसाची कुसळे असलेला रेंगाळला तर तो संशयित ठरतो. पाय तेच, रस्ता तोच. उसना मिळणारा विश्वास मात्र सारखा नाही.

आपल्या घरांनाही ही विषमता अपरिचित नाही. आपल्यातील अनेकांनी जहाजांवर नोकऱ्या केल्या आहेत. महिनोन्महिने लोखंडी भिंतींत राहिलेल्या खलाशास परक्या बंदरात काही तास उतरून चालावयास मिळणे म्हणजे काय, हे त्यांस विचारावे. २००६ साली जिनिव्हा येथे संमत झालेल्या सागरी श्रम कराराने खलाशांच्या आरोग्यासाठी व स्वास्थ्यासाठी किनारा-रजेचा हक्क मान्य केला. पुढे २०२० च्या महासाथीत बंदरांची दारे मिटली आणि लाखो खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले, तेव्हा तो हक्क किती नाजूक आहे हे दिसून आले. ग्लासगो येथे १९२० साली सुरू झालेले खलाशांसाठीचे प्रेषितकार्य आज ‘स्टेला मारिस’ या नावाने जगभरच्या बंदरांत चालते. त्याचे बरेचसे काम अगदी साधे असते. अनोळखी खलाशाचे स्वागत करावे, त्यास बंदरापासून गावापर्यंत पोहोचवावे, वाट दाखवावी. आपल्या मुलास, भावास, पतीस कोणा अपरिचिताने ती दाखविली असेल. त्या अपरिचिताचे नाव आपणांस कधीच कळणार नाही. त्याचे ऋण फेडावयास आपण त्या बंदरात जाणारही नाही.

मग ते फेडावयाचे कोठे? आमच्या मते, आपल्याच गल्लीत. परक्या नगरीचे ऋण त्या नगरीस परत करता येत नाही. ते आपल्या गावी आलेल्या परक्यास द्यावे लागते. आज आपल्या वाड्यांतून, वस्त्यांतून दूरवरून आलेली माणसे वावरतात. कोणी भिंती बांधतो, कोणी वाडीत राबतो, कोणी लाद्या बसवितो. रविवारी सुट्टीच्या दिवशी तीही दोघे-तिघे मिळून रस्त्याने फिरावयास निघतात, क्रुसापाशी थबकतात, एखाद्या जुन्या घराच्या सज्ज्याकडे पाहत राहतात. त्या वेळी आपल्या अंगणातून कोणता आवाज येतो? चोऱ्या होतात, सावधगिरी हवी, हे आम्हांस मान्य आहे. चौकशी करण्यात गैर काहीच नाही. तेरच्या त्या वृद्धानेही ती केलीच. पण “कोण रे तू? इकडे काय काम?” हीदेखील चौकशीच, आणि “पाव्हणे, कुण्या गावचे?” हीदेखील चौकशीच. दोहोंत माहिती एकच मागितली जाते. पहिलीने माणूस मान खाली घालून चालू लागतो. दुसरीने तो थांबतो आणि आपल्या गावचे नाव सांगतो.

ते नाव बहुधा आपण कधी ऐकलेले नसते. ते ऐकून घ्यावे, तेथे पाऊसपाणी कसे आहे ते विचारावे, आणि तो ज्या वाटेने निघाला आहे ती पुढे कोठे जाते, हे त्यास सांगावे.