ताटी आतून आणि ताटी बाहेरून



सज्जनहो, आपल्या संप्रदायात 'उदास' हा शब्द मोठ्या मानाचा आहे. विषयांविषयी जो उदास तो विरक्त, आणि विरक्ताच्या पायी आपण मस्तक ठेवतो. पण अलीकडे घरोघरी निराळ्याच उदासपणाची माणसे दिसतात. चार माणसांत बसतात, पण तिथे नसतात. जेवतात, पण काय जेवलो ते सांगता येत नाही. हाक मारली तर 'ओ' देतात, पण ती 'ओ' दुसऱ्याच कुणाची वाटावी. त्यांना पाहून कोणी म्हणतो, "ह्याला वैराग्य आलं." कोणी म्हणतो, "माजला, दुसरं काय!" दोन्ही बोल चुकीचे आहेत. वैराग्य आणि परकेपणा ह्यांतला भेद कसा ओळखावा, आणि परका झालेल्याशी आपण कसे वागावे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम वैराग्य पाहू. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांचे घर उद्ध्वस्त झाले. पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. ते डोंगरावर जाऊन बसले. हे एवढेच पाहिले तर एक खचलेला माणूस दिसतो. पण पुढे काय झाले? परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. ऋणको सुटले, आणि तुकोबाही सुटले. मग ते गावात उभे राहून कीर्तन करू लागले. म्हणजे त्यांचे मन धनावरून उठले, माणसांवरून उठले नाही. उलट माणसे अधिक जवळची झाली. हीच वैराग्याची खूण. विरक्ताला वस्तू परकी होते आणि जीव आपला होतो. परकेपणात सगळेच परके होते, शेवटी स्वतःचे मनदेखील.

ह्या परकेपणाचा विचार पंडितांनीही केला आहे. पिएर जाने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८९ साली मांडले की, असह्य आघात झाला म्हणजे मनाचा एक भाग बाकीच्या मनापासून सुटा पडतो. सोसले ते आठवत नाही, पण सलत राहते. कार्ल मार्क्सने १८४४ साली लिहून ठेवले की, ज्या कामगाराच्या हातची वस्तू त्याची राहत नाही, तो आपल्या कामाला, सोबत्यांना आणि अखेर स्वतःला पारखा होतो. आमच्या वरणगावला १९६० नंतरच्या दशकात दारूगोळ्याचा कारखाना आला, भोंग्यावर दिवस चालू लागला, प्रांतोप्रांतीची माणसे शेजारी आली. पोटाला भाकरी मिळाली, ते चांगलेच झाले. पण पाळीवरून आलेला माणूस घरच्यांशी दोन शब्द बोलतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

साहित्याचे म्हणाल तर उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे ह्यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली निघाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. खेड्यातला मुलगा पुण्यास शिकायला जातो, तिथला होत नाही. परत येतो तर इथलाही उरत नाही. मधे धाकटी बहीण जाते आणि ते दुःख कुणापुढे मोकळे करावे ते त्याला कळत नाही. नाव पांडुरंग, पण जवळ कोणी नाही! आज मुले पुणे-मुंबईस गेलेली आणि मायबाप गावी राहिलेले, अशा घरांत ही गोष्ट दोन्हीकडे चालू आहे.

आता ह्यावर संतांचे उत्तर काय? ते सांगायला लांब जायला नको. वरणगावाहून पुढे थोड्या कोसांवर कोथळी-मेहूण, आदिशक्ती मुक्ताईचे स्थान. ताटीची कथा सर्वांस ठाऊक आहे. संन्याशाची पोरे म्हणून लोकांनी भावंडांना टाकले होते. एके दिवशी निंदा जिव्हारी लागली आणि ज्ञानदेव ताटी लावून आत बसले.

कोणी म्हणेल, "ज्ञानियांच्या राजाला राग कसा आला? आणि आला तर ही गोष्ट सांगता कशाला?" बाबांनो, परंपरेने ती झाकून ठेवली नाही, ह्यातच तिचे मोल आहे. ताटी कुणाचीही लागू शकते. जिथे ज्ञानदेवांची लागली, तिथे आपल्या घरच्या पोराला 'नादान' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून?

पण खरा विचार मुक्ताईचा करावा. ती चौघांत धाकटी. जी निंदा ज्ञानदेवांनी ऐकली तीच तिनेही ऐकली होती. आईबापांचे छत्र तिचेही गेले होते. ताटी लावून बसण्याचा हक्क तिला तितकाच होता. तरी ती दाराशी उभी राहिली. तिने दार फोडले नाही, लोकांना बोलावून हसे केले नाही, दुःख खोटे आहे असेही म्हटले नाही. तू कोण आहेस ह्याची आठवण तिने त्याला दिली, आणि ताटी उघडेपर्यंत हलली नाही. ह्यातून सिद्धांत निघतो तो असा: परकेपण घालवायला अगोदर स्वतः सुखी असावे लागत नाही. दुखावलेलाच दुखावलेल्याचे दार वाजवू शकतो; आणि वाजवता वाजवता त्याचेही दार उघडते.

मात्र दुसरीही एक ताटी आहे, तिची कडी बाहेरून असते. चोखोबांनी दार लावले नव्हते. दार त्यांच्यावर लावले होते. अशा माणसाला 'मन मोकळं कर' म्हणून काय उपयोग? कडी ज्याने घातली त्याने काढली पाहिजे. अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास बसले, ते विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून. १० मे रोजी उपोषण सुटले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि ते दार त्यांच्या लेकरांना उघडायला सहाशे वर्षे लागली! आपण तोंडाने समता गातो. तेव्हा आपल्या दिंडीत, आपल्या पंगतीत, आपल्या आळीत एखादी कडी अजून बाहेरून लागलेली नाही ना, हे प्रत्येकाने हात लावून पाहावे. आतली ताटी उघडायला प्रेम लागते. बाहेरची उघडायला आधी न्याय लागतो.

शेवटी आचरणाचे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांस कोरे पत्र धाडले, हे आपण कीर्तनात ऐकतो. कोरे म्हणून ते कोणी फेकून दिले नाही. त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले. घरात न बोलणारा माणूस म्हणजे असेच कोरे पत्र समजावे. त्याला उत्तर द्यावे. रोज एकदा जवळ बसावे, उपदेश कमी करावा, ऐकून जास्त घ्यावे. झोप उडाली, भूक गेली, मरणाची भाषा निघू लागली, तर 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारे-धुपारे करीत बसू नये. मनोविकाराच्या डॉक्टरकडे न्यावे. ताप आला तर औषध घेतो, त्यात जशी भक्तीला बाधा नाही, तशी ह्यातही नाही.

आणि जमल्यास त्याला वारीत आणावे. मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि सुमारे महिनाभर चालते. त्या वाटेत कोणी कुणाला नाव-गाव विचारण्याआधी 'माउली' म्हणतो आणि पाया पडतो. ज्याला आपण कुणाचेच नाही असे वाटते, त्याच्या पायांवर कुणीतरी डोके ठेवते. हा औषधोपचार नव्हे. पण परकेपणाला ह्याहून सरळ उत्तर निदान ह्या लेखकाला तरी ठाऊक नाही.

आपल्या हातून एक तरी ताटी उघडो, आणि आपण घातलेली एक तरी कडी निघो, हीच आदिशक्ती मुक्ताईच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.