आईचे दूध : कर्तव्य कोणाचे?



एखाद्याला आव्हान द्यायचे असले की आपण म्हणतो, ‘आईचे दूध प्यायला असशील तर ये पुढे!’ आणि आईचे उपकार सांगायचे असले की दुधाचे ऋण आठवतो. दूध आई देते, बाळ घेते. मग आपण बाकीचे सारे या बाबतीत काहीच देणे लागत नाही का? आज या प्रश्नावर थोडा विचार करू या.

प्रथम या दुधाचे मोल पाहू. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट, पिवळसर चीक ही बाळाची पहिली लसच समजावी. रोगजंतूंशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण चवीने खातो, पण आईचा चीक मात्र पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट चाटवायचे, ही चाल काही घरांतून अजून गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे : जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला पाजावे, पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे, वरून पाणीसुद्धा नको, त्यानंतर इतर अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे. अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया, कानाचे विकार कमी होतात. आईलाही लाभ होतो. पाजताना गर्भाशय आकुंचन पावते व रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते. पुढे स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा आणि मधुमेहाचा धोका कमी होतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली असा अंदाज मांडला गेला की, स्तनपान सर्वत्र योग्य रीतीने झाले तर जगात दरवर्षी ८ लाखांहून अधिक बालमृत्यू टळू शकतील.

हे ऐकले की आपले बोट लगेच आईकडे वळते. ‘हल्लीच्या मुलींना पाजायला नको,’ असे आपण सहज बोलून जातो. फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो याने १७६२ साली ‘एमिल’ या ग्रंथात आयांनी आपली मुले स्वतः पाजावीत असा मोठा आग्रह धरला. त्याच रूसोने आपली पाचही मुले अनाथालयात सोडली होती, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. पण दुसऱ्याला कर्तव्य सांगणे किती सोपे असते ते कळते. नीतिशास्त्रात एक साधा नियम शिकवतात : जे करणे माणसाच्या हाती नाही, ते त्याचे कर्तव्य म्हणून त्याच्या माथी मारता येत नाही. तेव्हा ‘आईने पाजावे’ असे म्हणण्याआधी ‘तिला पाजता यावे म्हणून आपण काय केले?’ हे विचारायला हवे.

रायगडच्या हिरकणीची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दूध विकायला गडावर गेलेली गवळण. सांज झाली, दरवाजे बंद झाले, आणि गडाखाली घरी तान्हे बाळ. पहारेकरी सोडीनात, तेव्हा ती अंधारात कडा उतरून बाळाकडे गेली. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला व त्या जागी बुरूज बांधला, असे परंपरा सांगते. तिच्या धैर्याला आपण हात जोडतो आणि तिथेच थांबतो. पण तिला कडा उतरावा का लागला? पहारेकरी दुष्ट नव्हते, ते नियम पाळत होते. नियम करताना तान्ह्या बाळाचा विचार कोणी केला नव्हता, एवढेच.

आपल्या मारुंजीच्या आसपास असे किती दरवाजे आहेत? हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या भगिनींना कायद्याचा आधार आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, केवळ आईच्या दुधाचा नेमका काळ. पण येथील उंच इमारतींसाठी डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईला ही रजा प्रत्यक्षात कोण देतो? खाडा झाला की तिची मजुरी बुडते. कामाच्या जागीच पाळणाघर असेल, तर ती मधल्या वेळी येऊन बाळाला पाजू शकेल. हे अशक्य नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर असे पाळणाघर सुरू केले व त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. पुण्यात ‘तारा मोबाईल क्रेशेस’ हेच काम करते.

हिरकणीच्या नावाने आज एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी कक्ष आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण नुसते नाव पुरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमदार सरोज अहिरे बाळाला घेऊन मुंबईच्या विधानभवनात आल्या, तेव्हा तेथील हिरकणी कक्षात धूळ असून सोयी नाहीत, अशी तक्रार त्यांना करावी लागली. आमदाराची ही स्थिती, तर मजूर बाईचे काय?

जुन्या करारात, निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात, फारोची मुलगी मोशेला पाजण्यासाठी एक दाई ठेवते आणि तिचे वेतन ठरवते. ती दाई मोशेची सख्खी आईच असते. गुलामगिरीत राबणाऱ्या एका बाईला स्वतःचे बाळ पाजण्यासाठी वेतन मिळाले! राजकन्येला खरी गोष्ट ठाऊक नव्हती. पण बाळाला पाजणे हे श्रमाचे काम आहे आणि त्याचा भार इतरांनीही उचलावा, हे तिने जाणले.

आणि जिला पान्हाच येत नाही, जी आजारी आहे, जिने बाळ दत्तक घेतले आहे, तिचे काय? तिचे मातृत्व तसूभरही कमी नाही. तिला टोमणे मारणे हा अन्याय आहे. १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. निरोगी मातांनी दिलेले जास्तीचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, तपासतात आणि गोठवून ठेवतात. ते अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. एका आईला जमले नाही तेथे दुसरी आई पुढे येते.

ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. आईचे दूध हे बाळाचे आहे. म्हणून ते त्याच्यापर्यंत पोहोचू देणे हे आपणा सर्वांचे देणे आहे. पतीने रात्री उठून बाळाला आईजवळ द्यावे, घरकामाला हात लावावा. सासूबाईंनी चीक टाकू देऊ नये. जे ठेकेदार, सुपरवायझर किंवा कंपनीत अधिकारी आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या बाळंतिणीची चौकशी करावी. आणि मंदिरातही हे लागू आहे. जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी आयांना सांगितले होते की, बाळ भुकेने रडत असेल तर निःसंकोच पाजा. तेव्हा पुढच्या रविवारी मिस्सा चालू असताना एखादे तान्हे रडले, तर कृपया मागे वळून पाहू नका. त्याच्या आईला बसायला जागा द्या.

आपला,
धर्मगुरू