अर्पणपत्रिकेचे पान

श्रावण सरत आला होता. तेरेखोलचे पाणी अजून गढूळ होते, आणि आमच्या माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेला पावसाळी कुबट वास येऊ लागला होता. त्या ट्रंकेत मी लिहिलेल्या एका कादंबरीच्या न खपलेल्या प्रती आहेत. छापल्या पाचशे, त्यांतल्या दोनशेच्या आसपास अद्याप आमच्याच घरी मुक्कामाला आहेत. उन्हाची तिरीप आली की त्या खळ्यात वाळत घालाव्यात म्हणून मी आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो. अशा एका दुपारी मला पत्र आले. हल्ली पत्रे फोनवर येतात. तसे ते आले.

पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे होते. मी बांद्याला शाळेत चित्रकला शिकवतो. विद्यापीठाचा उंबरठा मी स्वतः कधी ओलांडलेला नाही. दहावी झालो आणि तिथेच थांबलो. ही मुलगी मात्र थांबली नाही. शाळेत असताना एकदा सरकारी रेखाकला परीक्षेची फी तिच्या घरी जमली नव्हती, ती मी भरली होती. माझ्या कपाटातली पुस्तकेही ती नेत असे आणि, आश्चर्य म्हणजे, परत आणून देत असे. फीची गोष्ट खरे तर सांगावी अशी नव्हे. परंतु पुढच्या साऱ्या पेचाचे मूळ तिच्यातच असल्यामुळे सांगणे भाग आहे.

ती आता एका मोठ्या शहरात संशोधन करते. त्यासाठी तिला दरमहा शिष्यवृत्ती मिळते, आणि तिच्या मोबदल्यात अर्धा दिवस विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात काम करावे लागते. मुद्रिते तपासायची, सूची करायच्या, विसराळू लेखकांना आठवणीची पत्रे पाठवायची. तिने लिहिले होते : "सर, आमच्या कॉलेजात यंदा पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांनी, मग ती शास्त्राची असोत की वाणिज्याची, दिवाळीच्या सुटीत एकच पुस्तक वाचायचे आणि नंतर त्यावर एकत्र बसून बोलायचे, असे ठरले आहे. पुस्तक निवडणाऱ्या समितीवर संशोधक विद्यार्थ्यांतर्फे मी आहे. तुमच्या कादंबरीचे नाव सुचवू का? तुम्ही माझ्यासाठी एवढे केलेत, मला एवढे तरी करू दे."

खोटे कशाला बोलू? मला अत्यानंद झाला. मी पत्र बायकोला वाचून दाखविले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग ट्रंकेकडे. आणि ट्रंकेकडे पाहताना तिचा चेहरा जास्त उजळला. पण रात्री दिवा मालवल्यावर पत्रातले शेवटचे वाक्य डासासारखे कानाशी गुणगुणू लागले. 'तुम्ही माझ्यासाठी एवढे केलेत.' मी भरलेली ती फी आता शेकडो मुलांनी वाचनाच्या रूपाने परत करायची होती काय?

साऱ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचणे ही कल्पना कॉलेजांना नवी असेल. आपल्या घरांना नाही. माझ्या लहानपणी श्रावणात संध्याकाळी आमच्या ओटीवर पोथी लागत असे. श्रीधरस्वामींचे 'शिवलीलामृत' किंवा 'पांडवप्रताप' कोणीतरी वाची, आणि शेजारपाजारची पाचपंचवीस माणसे ऐकत. त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती. पण कथा सर्वांची होती. दुसऱ्या दिवशी शेतात, तिठ्यावर, विहिरीवर बोलायला सर्वांना समान विषय असे. आजी मात्र अध्याय संपला की मला हटकून विचारी, "वाचलंस तां समाजलां काय रे?" तिच्या त्या एका प्रश्नाने पोथी नुसती ऐकण्याची न राहता विचारण्याची होऊन जाई. एकत्र वाचनाचा खरा लाभ तो हाच. दहा माणसांनी दहा पुस्तके वाचली तर दहा माणसे शहाणी होतील. पण एकाच पुस्तकावर ती दहा माणसे भांडली, तर ती एकमेकांना ओळखू लागतील.

दूरच्या देशांतही लोकांना याची गरज वाटली. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंनी १९९८ साली साऱ्या शहराने एकच पुस्तक वाचावे असा उपक्रम काढला आणि तो इतर अनेक शहरांनी उचलला. तिकडच्या पुष्कळ कॉलेजांतही नव्याने येणाऱ्या मुलांना एक सामाईक पुस्तक देतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने २००२ साली कुराणातल्या आरंभीच्या सूरांवरचे, मायकेल सेल्स यांचे एक पुस्तक याप्रमाणे निवडले. न्यूयॉर्कवरील हल्ल्याला तेव्हा पुरते वर्षही उलटले नव्हते. साहजिकच गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने वाचन थांबविले नाही. त्या विद्यापीठाने केलेली एक व्यवस्था मला फार आवडली. ज्याला पुस्तक वाचावयाचे नसेल त्याने ते वाचू नये. मात्र आपण का वाचत नाही ते एक पानभर लिहून आणावे. म्हणजे नकार देणाऱ्यालाही बैठकीत जागा राहिली. पोथीच्या ओटीवर ही सोय नव्हती, हे कबूल केले पाहिजे. तिथे हात जोडूनच बसावे लागे.

तेव्हा एकच पुस्तक सर्वांच्या हाती द्यावयाचे, तर दोन गोष्टी सांभाळावयास हव्यात. वाचणाऱ्याला नाही म्हणता आले पाहिजे, ही एक. आणि पुस्तक निवडणारा कोणाचा मिंधा नसावा, ही दुसरी. माझा पेच दुसऱ्या गोष्टीत होता. आणि ती गोष्ट आपल्या महाराष्ट्राला चांगली दीडशे-पावणेदोनशे वर्षे ठाऊक आहे.

पेशवाईत दर श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ साली पेशवाई गेली, इंग्रज आले, आणि त्या दक्षिणेच्या पैशातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली. पुढे १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी मागणी केली, की या पैशाचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी मंडळी खवळली. त्या वेळी तरुण जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी याच पैशावर चाले.

आता दैवाचा खेळ पाहा. १८५५ साली याच जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहून त्या कमिटीकडे पाठविले. भोळ्या शेतकरी नवराबायकोला जोशी कसा नाडतो आणि शेवटी ती दोघे शिकायची वाट कशी धरतात, याची ती कथा. कमिटीने नाटक नाकारले. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त लिहून ठेविले आहे. ते नाटक छापून वाचकांसमोर यावयाला १९७९ साल उजाडले! कमिटीपुढे ग्रंथ होता, पैसा होता, उद्देशही मराठी वाढविण्याचा होता. पण निवडणाऱ्यांच्या मनात आपल्या माणसांची जी ओढ होती, ती टेबलावर कोणी मांडली नाही. आणि जी ओढ टेबलावर मांडली जात नाही ती निर्णयाच्या आत जाऊन बसते.

यावरून कोणी म्हणेल, की दुसऱ्याच्या पैशावर शिकणे आणि लिहिणे हेच मुळी वाईट. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. त्याच दक्षिणेच्या पैशातून कॉलेजातल्या हुशार तरुणांना फेलोशिपा मिळू लागल्या. पुढे न्यायमूर्ती झालेले महादेव गोविंद रानडे आणि संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही एके काळचे दक्षिणा फेलो. भिक्षुकीच्या दक्षिणेची विद्यावृत्ती झाली, आणि तिने ही माणसे घडविली. शिकणाऱ्याच्या पोटाची काळजी कोणीतरी घेतल्यावाचून विद्या होत नाही. प्रश्न एवढाच, की ज्याने पोटाची काळजी घेतली त्याला आपण लेखणीही देऊन टाकावयाची का?

या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत सुंदर उत्तर एका पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि करार असा, की शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. करारानुसार १९१७ साली ते बडोद्यास आलेही. पण अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहावयाला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. करारातली दहा वर्षे तशीच राहिली.

ते ऋण बुडाले म्हणावयाचे काय? ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ साली लंडनला ग्रंथरूपाने निघाला. कोलंबियाच्या डॉक्टरेटला छापील प्रबंध लागत असे. ती पदवी त्यांना रीतसर १९२७ साली मिळाली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना, शिक्षणाला झालेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून, अर्पण केला. सरकारी पैशाच्या व्यवस्थेची चिकित्सा करणारा तो ग्रंथ. त्यातल्या आकड्यांवर कोणा महाराजांची सावली नाही. उपकार अर्पणपत्रिकेत, जिथे कोणीही तो वाचू शकेल. आणि विचार पुढच्या पानांत, जिथे उपकाराला शिरकाव नाही. ऋण उघड्यावर मानले म्हणजे ते माणसाला वाकवीत नाही. ते मनात दडवून, गुपचूप, दुसऱ्यांच्या खिशातून फेडू लागलो की तेच वशिला होते.

वशिला हा शब्द वापरताना मला स्वतःची लाज वाटली. कारण त्या पत्रातली मुलगी वशिला लावीत नव्हती, प्रेम करीत होती. परंतु अन्याय दर वेळी दुष्टाव्यातूनच होतो असे थोडेच आहे? पुष्कळदा तो प्रेमातून होतो, आणि म्हणून ओळखू येत नाही. त्या कॉलेजात कोकणातून आलेले एखादे पोर असेल, विदर्भातले असेल. पुस्तकासाठी त्याने चार पैसे मोडलेले असतील, सुटीतले चार दिवस दिलेले असतील. त्याने माझ्या फीचे व्याज का भरावे?

मी उत्तराचे तीन मसुदे केले. पहिल्यात मी मोठेपणा मिरवून नकार दिला होता. तो फाडला, कारण तो खोटा होता. मला कादंबरी वाचली जायला हवीच होती. दुसऱ्यात नुसते आभार होते. तो पाठवायला हात धजेना. तिसरा पाठविला तो असा :

"बाय, फीचे पैसे तू मला द्यायचे नाहीस. शाळेत अजून मुले आहेत. एखाद्याची फी भर, म्हणजे झाले. कादंबरीचे नाव सुचवावेसे वाटले तर सुचव. पण आधी समितीला सांग, की हा माणूस माझा मास्तर आहे आणि त्याचा माझ्यावर लोभ आहे. मग ते बोलतील तेव्हा तू खोलीबाहेर जाऊन चहा पी. आणि निवड कुठल्याही पुस्तकाची होवो, ज्यांना ते आवडले नाही अशा मुलांसाठी एक वही ठेवा. ती वही मला वाचायची आहे."

तिने अक्षरशः तसेच केले. चहा मात्र थंड होता, असे तिने कळविले. समितीने दुसरे पुस्तक निवडले.

वाईट वाटले का? वाटले. दोन दिवस मी ट्रंकेकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी टपालाने ते निवडलेले पुस्तक तिच्याकडून आले. पहिल्या कोऱ्या पानावर तिने शाळेतल्यासारख्या टपोऱ्या अक्षरांत माझ्या कपाटातून नेलेल्या पुस्तकांची आठवण लिहिली होती. तेवढ्याने माझी फी फिटली.

आता दिवाळी आली. पाऊस उघडला, कादंबरीच्या प्रती खळ्यात उन्हे खात आहेत. घरात फराळाच्या डब्याशेजारी ते पुस्तक पालथे पडलेले असते आणि ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो ते पुढे वाचतो. थोरल्याला ते फार आवडले आहे. धाकटीला मुळीच आवडलेले नाही. तिने कारणे लिहायला वही मागितली आहे. बायको अजून बाराव्या पानावर आहे आणि म्हणते, की माझीच कादंबरी बरी होती. तिच्या मताला मी समितीत धरीत नाही. तिचा माझ्यावर लोभ आहे, हे साऱ्या बांद्याला ठाऊक आहे.