वेळेवरची गोळी

परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून कॅन्सरचे रुग्ण येताहेत. सकाळी तिथे फायली छातीशी धरलेली माणसं दिसतात. त्यांतल्या एखाद्याला आधीपासूनच पार्किन्सन असतो. दुष्काळात तेरावा महिना!

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरून काढते, पण ती घड्याळाच्या काट्यावर घ्यावी लागते. केमोच्या दिवशी नेमकी तीच चुकते. हाताला सलाईन, गोळी पिशवीच्या तळाशी, आणि दुपारी उठायची वेळ आली की बाबांचं पाऊलच उचलत नाही. घरचे म्हणतात, केमो झेपली नाही. केमोचा तेवढा दोष नसेलही.

दुसरी गोष्ट उलटीची. मळमळ थांबवायला दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचीच वाट अडवतं. थरथर, ताठरपणा वाढू शकतो. दुसरी औषधं आहेत, पण कॅन्सरच्या डॉक्टरांना पार्किन्सनचं कुणी सांगितलं असेल तर ना! दोन आजार, दोन डॉक्टर आणि मधला निरोप्या कोण, तर रात्रभर न झोपलेली सून. सगळ्या गोळ्या वेळेसकट एका कागदावर लिहून दोन्हीकडे दाखवायचं कामही तिचंच. खरं तर हे तिच्यावर पडायला नको.

रेडिएशनला तर निश्चल पडून राहायचं. तंत्रज्ञांना आधी सांगून, गोळीचा अंमल असेल ती वेळ मागून बघावी. आपण संकोचतो. डॉक्टर चिडतील, रांगेतले बोलतील.

बोलू देत.