शक्ती राहते कुठे?

रत्नागिरीच्या ‘काळा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्यावरची, काळबादेवी-मालगुंडच्या पुळणीतली वाळू काळपट दिसते ती बरीचशी इल्मेनाइटमुळे. बसाल्टच्या झिजेतून सुटलेलं हे खनिज म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. लाटांबरोबर लोळणाऱ्या त्या टायटॅनियममध्ये वीज साठवण्याचा गुण कुणाला जाणवणार नाही. त्याच मूलद्रव्याचं कार्बाइड मात्र सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडमध्ये काही सेकंदांत विद्युतभार घेतं आणि तितक्याच झपाट्याने देऊन टाकतं. ही शक्ती द्रव्यात आधीपासून होती का?

हा वाद आपल्या दर्शनांत जुना आहे. मीमांसक दाखला देत तो मण्याचा: विशिष्ट मणी जवळ ठेवला की विस्तव जाळत नाही. विस्तव तर तोच. म्हणजे त्याच्यात दाहशक्ती नावाचं काही वेगळं, न दिसणारं असलं पाहिजे आणि मण्याने ते नाहीसं केलं. दहाव्या शतकाच्या सुमारास न्यायदर्शनाच्या, म्हणजे नैयायिकांच्या, बाजूने उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे खोडून काढलं. प्रतिबंधक नसणं हेही कार्याचं एक कारण. मग निराळी शक्ती कशाला मानायची?

आता हाच प्रश्न टायटॅनियमच्या कार्बाइडला लावू. 2011 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात नागिब, गोगोत्सी, बारसूम आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम, ॲल्युमिनियम व कार्बनचं थराथरांचं संयुग हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकलं. ॲल्युमिनियम विरघळून गेलं, कार्बाइडचे काही अणूंच्या जाडीचे पापुद्रे उरले. अशा द्रव्यांच्या कुळाला मॅक्सीन म्हणतात. 2014 मध्ये अशा पापुद्र्यांच्या फिल्मने सल्फ्युरिक आम्लात घन सेंटिमीटरला 900 फॅरडपर्यंत धारकता दाखवली.

अडसर गेला, काम झालं. नैयायिकाची सरशी!

पण ॲल्युमिनियमची जागा नुसती रिकामी राहत नाही. तिथे ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल, फ्लोरिन येऊन बसतात, आणि साठवणुकीत त्यांचाही हात असतो. पापुद्रे पुन्हा एकमेकांवर घट्ट बसले की आयनांची वाट बंद होते. विद्युतद्राव बदलला की 900 चा आकडाही बदलतो. म्हणजे अभाव पुरेसा नाही. सहकारी कारणं हवीत, जी न्यायदर्शनही मानतंच.

मीमांसक इतक्यात हटणार नाही. भारित आणि रिकामा इलेक्ट्रोड शेजारी ठेवून तो विचारेल: द्रव्य तेच, अडसर दोन्हीकडे नाही, मग फरक कशाचा? नैयायिक आम्लातल्या प्रोटॉनांकडे बोट दाखवेल. ते पृष्ठावरच्या ऑक्सिजनशी जुळतात, टायटॅनियमची इलेक्ट्रॉन-अवस्था बदलते आणि क्ष-किरणांनी हा बदल टिपलेला आहे. मग प्रोटॉन ऑक्सिजनशीच का जुळतो, हा मीमांसकाचा पुढचा प्रश्न. त्यावर ‘तो त्याचा स्वभाव’ एवढंच उत्तर मिळालं, तर तो त्या स्वभावालाच शक्ती म्हणेल आणि उदयनाचार्यांच्या वारसांना खंडन पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल.