बांधील अर्जाचा हिशेब

अमेरिकेतील खासगी महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज साधारणपणे 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत करायचा असतो आणि निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. ‘रेग्युलर डिसिजन’ची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, निकाल मार्चअखेरीस येतो आणि होकार कळवायला 1 मेपर्यंत सवड असते. पण तारखांपेक्षा महत्त्वाचा फरक बांधिलकीचा आहे. अर्ली डिसिजनचा अर्ज एकाच महाविद्यालयाला करता येतो, आणि तिथे प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जावे लागते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची पद्धत निराळी आहे. त्यांच्याकडे लवकर अर्ज केला की इतर खासगी महाविद्यालयांत लवकर अर्ज करता येत नाही. मात्र मिळालेला प्रवेश घेण्याची सक्ती नसते. या दोन पद्धतींची गल्लत अनेक घरांत होते, आणि ती महागात पडू शकते.

अर्ली डिसिजनच्या करारपत्रावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकांपैकी एकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. महाराष्ट्रातील बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत असा समुपदेशक नसतोच. तिथे प्राचार्य किंवा एखादे शिक्षक सही करून देतात, आणि आपण नेमके कशाला जामीन राहिलो हे त्यांना ठाऊक असतेच असे नाही. करार मोडला म्हणून विद्यार्थ्याला कोणी कोर्टात खेचत नाही. हा सगळा व्यवहार पतीवर चालतो. पण पत शाळेचीही असते. ट्युलेन विद्यापीठाने कोलोरॅडोतील एका शाळेच्या विद्यार्थ्यांना वर्षभर अर्ली डिसिजनचा दरवाजा बंद केला, कारण त्या शाळेच्या एका विद्यार्थ्याने दिलेला शब्द पाळला नव्हता.

महाविद्यालयांना ही पद्धत हवी असते, कारण त्यांना वर्ग भरायचा असतो. नियमित फेरीत प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्षात येतील, याचा अंदाज बांधावा लागतो. अर्ली डिसिजनमध्ये जवळपास सगळेच येतात. पेनसिल्व्हेनिया आणि ड्यूकसारखी विद्यापीठे पहिल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास जागा याच फेरीत भरतात. मग नियमित फेरीत अर्जांचा ढीग मोठा आणि जागा थोड्या उरतात.

यावरून ‘लवकर अर्ज करा, संधी दुप्पट होईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. लवकर फेरीची प्रवेशाची टक्केवारी जास्त दिसते हे खरे. पण त्या आकड्यात महाविद्यालयाने आधीच हेरून ठेवलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलेही असतात. ठाण्याहून किंवा नागपुराहून अर्ज करणाऱ्या मुलीला ती टक्केवारी जशीच्या तशी लागू होत नाही. तरीही फायदा अगदीच काल्पनिक नाही. क्रिस्टोफर अ‍ॅव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लवकर अर्जाचा लाभ एसएटी परीक्षेतील सुमारे 100 गुणांइतका भरला होता.

या लाभाची किंमत म्हणजे तुलना करण्याचा हक्क. नामांकित खासगी महाविद्यालयांचा वर्षाचा एकूण खर्च आता 80 हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. नियमित फेरीत एप्रिल महिन्यात तीन-चार महाविद्यालयांची पत्रे शेजारी ठेवून कोण किती मदत देते ते पाहता येते. बांधील अर्जदाराच्या हातात एकच पत्र असते. मदत अपुरी असेल तर करारातून सुटता येते, ही सोय आहे. पण तोवर डिसेंबर उजाडलेला असतो आणि बाकीचे अर्ज दोन आठवड्यांत उरकावे लागतात. श्रीमंतांना ही पद्धत सोयीची आहे हा आक्षेप जुनाच. त्याच कारणाने हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये लवकर प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले होते. इतर बहुतेकांनी अनुकरण केले नाही, आणि 2011 मध्ये दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. तत्त्वाला स्पर्धेपुढे नमते घ्यावे लागले, असेच म्हणावे लागेल.

भारतीय अर्जदाराचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. बहुतेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही हे निवड करताना विचारात घेतात. अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकीच त्याकडे पाहत नाहीत. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढच्या चारही वर्षांत ती मागता येणार नाही, असा नियम अनेक ठिकाणी असतो. मदतीच्या अर्जात पगार, ठेवी यांच्याबरोबर राहत्या घराची किंमतही विचारली जाते. त्यामुळे मुंबई-पुण्यात स्वतःचा फ्लॅट असलेले पगारदार कुटुंब कागदावर बरेच सधन दिसू शकते, हातात रोख रक्कम नसली तरी.

म्हणून सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. पूर्ण खर्च पेलणाऱ्या घरातील विद्यार्थ्याची पहिली पसंती पक्की असेल, तर अर्ली डिसिजन टाळण्याचे कारण नाही. फारच कमी उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यालाही, सिद्ध झालेली संपूर्ण गरज भागवणाऱ्या महाविद्यालयात हा मार्ग उपयोगी पडू शकतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा मदतनिधी मर्यादित असतो आणि नियमित फेरीपर्यंत त्यातला काही भाग वाटून झालेला असतो. अडचण मधल्या घरांची आहे. त्यांना गुणवत्ता शिष्यवृत्त्यांची तुलना करावीच लागते, आणि ती नियमित फेरीतच शक्य असते.

दुसरा विचार गुणांचा. नोव्हेंबरच्या अर्जात अकरावीपर्यंतचे गुण आणि फार तर बारावीची पहिली चाचणी जाते. सहामाहीत सावरलेल्या विद्यार्थ्याला जानेवारीची मुदत फायद्याची. शिवाय 1 नोव्हेंबर ही तारीख बहुधा दिवाळीच्या आगेमागे येते, आणि शाळेला सुट्टी लागली की सही करायला कोणी भेटत नाही. शिफारसपत्रे आणि सह्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच घेतलेल्या बऱ्या. त्याच सुमारास महाविद्यालयाच्या अर्थसाहाय्य कार्यालयाला ईमेल करून परदेशी विद्यार्थ्यांना कोणती आणि किती मदत मिळू शकते, याची विचारणा करावी. उत्तर मोघम आले, तर करारपत्रावर सही न करता जानेवारीचा अर्ज भरावा.