दे इकडे, मी करतो

सुट्टीला घरी गेलो की चहा व्हायच्या आत आई फोन पुढे करते. ‘अरे, हे बघ ना. ग्रुपवर फोटो जातच नाहीत.’ मी म्हणतो, ‘दे इकडे.’ पंधरा सेकंदांत फोटो जातात, फोन तिच्या हातात परत. पुढच्या सुट्टीला तोच फोन, तीच तक्रार आणि माझं तेच ‘दे इकडे’.

तुमच्याही घरी हे होत असणार. आपल्याला वाटतं आपण मदत केली. फार तर वाटतं की आईला एवढं साधं कसं जमत नाही. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. आपण मदत करतो म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न मला पडला तो मराठी विकिपीडियावर. तोही एका अशा माणसामुळे, ज्यांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचतो, आपला दुसऱ्यांना वाचायला देतो. रात्री जेवण झालं की अर्धा-पाऊण तास मराठी विकिपीडियावर घालवतो. लेख फार लिहीत नाही. मोडलेले तक्ते सरळ करणं, साच्यांमधले कंस जुळवणं, चित्रं जागेवर बसवणं आणि कुणी मदत मागितली तर उत्तर देणं, अशी डागडुजीची कामं करतो.

ज्यांनी कधी ‘संपादन’ या बटणावर बोट ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथली भाषा मला पहिल्यापासून आवडते. सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाचं नाव ‘चावडी’. आपोआप काम करणाऱ्या बॉटला ‘सांगकाम्या’ म्हणतात. आणि नव्या माणसानं चुका करून बघायच्या जागेला ‘धूळपाटी’. पूर्वी पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटानं अक्षरं गिरवत. चुकलं की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. शिकण्यासाठी याहून दयाळू वस्तू मला माहीत नाही.

पण लेखाचं पान धूळपाटीसारखं नसतं. तिथे मजकुराबरोबर खुणाही लिहाव्या लागतात. तक्ता करायचा तर महिरपी कंस आणि उभी रेघ. माहितीचौकट हवी तर दोन कंस उघडायचे, दोन बंद करायचे. एक राहिला की सगळं पान विस्कटतं. विषयाची उत्तम माहिती असलेला माणूस इथे अडखळतो, आणि ते साहजिक आहे.

तर एका रात्री मदतीच्या पानावर एक ओळ दिसली. ‘तिफण या लेखात तक्ता केला आहे पण तो तक्ता होत नाही. कृपया मदत करावी.’

मी लेख उघडला. लिहिणारे गृहस्थ फोनवरून लिहीत होते. त्यांच्या सदस्य-पानावर एवढंच होतं: शेती करतो, वय ६३. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायला लागलो. लेख छोटा होता, पण त्यातलं प्रत्येक वाक्य हाताखालून गेलेलं होतं. तिफणीला तीन फण असतात. वर चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडतात, ते नळ्यांतून खाली तासात पडतं. नळ्या पूर्वी वेळूच्या असत. हे सगळं त्यांना तक्त्यात मांडायचं होतं: भाग, तो कशाचा करतात, त्याचं काम काय.

चूक मला दोन मिनिटांत सापडली. तक्त्यासाठी उभी रेघ लागते ती ही: |. काकांनी प्रत्येक ठिकाणी टाकला होता देवनागरी कळफलकावर सहज हाताशी येणारा दंड: ।. डोळ्याला जवळजवळ एकच दिसतात. संगणकासाठी मात्र ती दोन वेगळी चिन्हं आहेत. दंडाला तो विरामचिन्ह समजतो, रकान्याची भिंत समजत नाही.

मी सगळे दंड बदलले. तक्ता उभा राहिला. मग हात चालूच होता म्हणून ‘चाडं’चं ‘चाडे’ केलं, कारण लेखी भाषेत तसं बरं. त्यांची एक ओळ होती, की मूठ सैल सुटली तर एक तास दाट उगवतो आणि दुसरा विरळ, म्हणून मूठ पावलाच्या लयीत सुटावी लागते. तिला संदर्भ नव्हता. ती काढली. बदलांच्या आढाव्यात लिहिलं, ‘तक्ता दुरुस्त केला’. एकूण सात मिनिटं. समाधानानं झोपलो.

त्यांनी आभार मानले. आठवड्यानं दुसरी विनंती आली, या वेळी कुळवाच्या लेखावर. तोच दंड, तोच पडलेला तक्ता. मी तो उभा केला. पुन्हा आभार. पंधरा दिवसांनी पाभरीच्या लेखात तेच. या वेळी विनंती मात्र नव्हती, ती वेगळ्याच सुरात माझ्या चर्चापानावर होती.

‘साहेब, आपण करून देता हे आपले उपकार आहेत. पण मी काय चुकतो ते मला कळत नाही. आपला तक्ता आणि माझा तक्ता शेजारी ठेवून पाहिला, सारखाच दिसतो. दर वेळी आपल्याला त्रास देणे बरे वाटत नाही. म्हणून आता तक्ता न करता लिहितो.’

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या मदतीचा परिणाम असा झाला होता की माणसानं काम करणंच सोडून दिलं. आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी मन लावून दोन्ही तक्ते ताडून पाहिले होते. फरक डोळ्यांना दिसणारच नव्हता. तो एका वाक्यात सांगता आला असता. ते वाक्य माझ्याकडे पहिल्या रात्रीपासून होतं, आणि मी ते लिहिलं नाही.

का लिहिलं नाही? सोपं उत्तर, वेळ वाचवला. पण ते खोटं आहे. एक वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागतं. मला वाटतं, खरं कारण जरा लाजिरवाणं आहे. दुरुस्त करण्यात मजा असते. मोडलेलं पान एका फटक्यात सरळ होताना पाहणं, हे माझ्यासारख्याला गोड लागतं. शिकवण्यात ती मजा नाही. तिथे समोरचा चुकत असताना हात मागे बांधून बसावं लागतं. म्हणजे मी काकांचा तक्ता दुरुस्त करत होतो तेव्हा त्यातला मोठा वाटा मी माझ्यासाठीच करत होतो.

मला हे कळायला हवं होतं, कारण माझी सुरुवात नेमकी उलट झाली होती. कॉलेजात असताना मी आमच्या तालुक्याच्या लेखात माहितीचौकट घालायला गेलो आणि सगळं पान विस्कटलं. घाबरून मदत मागितली. एका जुन्या सदस्यानं उत्तर दिलं, ‘एक बंद कंस राहिला आहे. मी मुद्दाम लावलेला नाही. शोधा. न सापडल्यास सांगा.’ मला तेव्हा राग आला होता. एवढं दिसतंय तर लाव की बाबा. चाळीस मिनिटं शोधत बसलो. सापडला. तो कंस लावल्यावर जे वाटलं, त्याच जोरावर मी आजही तिथे आहे. त्या सदस्यानं माझ्यावर विश्वास टाकला होता. मला तो खडूसपणा वाटला.

हे सगळं मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितलं. तिनं मला सरळ धुतलं. ती म्हणाली, ‘त्या काकांना तिफणीवर लिहायचं होतं, कंस शिकायचे नव्हते. नळ गळत असेल तर प्लंबरनं मला नळ बसवायला शिकवावं असं मला वाटत नाही. तुझी शिकवण्याची हौससुद्धा तुझ्याचसाठी नाही कशावरून? आणि त्या चाळीस मिनिटांत ज्यानं ते पान उघडलं, त्या वाचणाऱ्याचं काय? त्याला मोडकं पान दिसलं ना?’

तिचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. ज्ञानकोश वाचणाऱ्यासाठी असतो. एखाद्याला शिकता यावं म्हणून सार्वजनिक पान मोडकं ठेवायचा मला काय अधिकार? धूळपाटी आहे ती त्यासाठीच. आणि प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट शिकायची नसते. जबरदस्तीनं शिकवणं हासुद्धा एक प्रकारचा माज आहे.

तरी नळाचं उदाहरण मला पुरेसं वाटत नाही. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. ती मोठी कामं होती, आणि तिथे लिहिणारे कोण, वाचणारे कोण हे ठरलेलं होतं. विकिपीडियाचं वचन वेगळं आहे. वाचणाऱ्यानंच लिहायचं. मग ज्याला तिफण माहीत आहे तो लिहू शकतो की नाही, हे शेवटी एका उभ्या रेघेवर ठरत असेल, तर ती रेघ समजावून सांगणारा माणूस दारात उभा आहे. तो प्रत्येक वेळी ‘तुम्ही थांबा, मी आत ठेवून येतो’ म्हणाला, तर सामान आत जाईल, माणूस बाहेरच राहील. नळाच्या बाबतीत मला पाणी हवं असतं. इथे काकांना आत यायचं होतं.

आणि सामानसुद्धा जसंच्या तसं आत गेलं नव्हतं. विकिपीडियावर प्रत्येक पानाचा इतिहास राहतो. कुणी, कधी, किती बाइट घातले किंवा काढले, सगळं. त्या रात्री मी तिफणीचा इतिहास उघडला. ‘तक्ता दुरुस्त केला’ या माझ्या शब्दांमागे मुठीची ओळ गेलेली होती. ऑफिसात कुणी रचना सुधारतो म्हणत कोडचं वागणंच बदललं, तर मी ते परत पाठवतो. इथे मीच ते केलं होतं. संदर्भ मागण्याचा नियम योग्यच आहे, मी तो आजही मानतो. पण त्यांनी तक्त्यासाठी बोलावलं आणि मी त्यांच्या नकळत त्यांचं वाक्य उचलून नेलं. मदत मागणारा आपलं दार उघडतो. त्या उघड्या दारातून आपण आणखी काय काय करतो, हे निदान त्याला सांगायला हवं.

मी काकांना लिहिलं. दोन रेघांमधला फरक सांगितला, बरोबर असलेली रेघ त्यांना उचलून ठेवता यावी म्हणून संदेशातच दिली. काढलेल्या ओळीबद्दल माफी मागितली, ती ‘संदर्भ हवा’ या खुणेसह परत लावली. ‘चाडं’ही परत आणलं, ‘चाडे’च्या शेजारी. आणि विचारलं, ‘पाभरीचा तक्ता मी करून देऊ, की तुम्ही धूळपाटीवर करून पाहता?’

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘म्हणजे रेघ वेगळीच होती होय. आधी सांगितले असते तर. करून पाहतो.’

धूळपाटीवर त्यांनी चार वेळा केला. चौथ्यांदा तक्ता उभा राहिला, फक्त शेवटच्या ओळीत एक रकाना जास्त होता. माझं बोट ‘संपादन’वर गेलं आणि मी फोन उलटा ठेवून दिला. सकाळी पाहिलं तर तो रकाना गेला होता आणि तक्ता लेखात आला होता. इतिहासात त्यांचं नाव होतं, माझं कुठेच नव्हतं. मुठीच्या ओळीला संदर्भ अजून मिळालेला नाही. ओळ आहे, खूणही आहे.

या सगळ्यातून मला नियम मिळालेला नाही. करून द्यावं की शिकवावं, याचं उत्तर माणसागणिक आणि वेळेगणिक बदलतं. मिळाला तो एक प्रश्न, जो मी आता हात लावण्याआधी विचारतो: करून देऊ की दाखवू? यातही फसवणूक होऊ शकते. संकोचापोटी माणसं ‘करूनच द्या’ म्हणतात, म्हणून करून दिलं तरी काय केलं ते एका ओळीत लिहितो. नको असेल तर ते वाचणार नाहीत. हवं असेल तर ते तिथे असेल.

दिवाळीला घरी गेलो. चहा व्हायच्या आत फोन पुढे आला. मी हात मागे ठेवून विचारलं, ‘करून देऊ की दाखवू?’

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘आत्ता करून दे, कढई तापलीय. रात्री दाखव.’

रात्री जेवणं आटोपल्यावर ती चष्मा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. फोन तिच्याच हातात होता.